गावात वेळ असतो?

केळीवाला, रावेर: काल इथे एकाने लिहिलं, ‘पैसा शहरात मिळतो, वेळ आणि तब्येत गावात. चाळिशीत गावी परतला तोच खरा श्रीमंत.’ हे मी वाचलं रात्री दीड वाजता, बांधावर बसून. या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे वीजवाहिनीला, थ्री फेज, म्हणजे मोटर चालवणारी लाइट, रात्रीचीच आहे. नवतीची, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीची, पाच हजार खोडं आहेत. मे महिन्यात पारा 45 च्या वर, पाण्याची एक पाळी चुकली की पानं करपतात. मला शुगर, वडिलांना बीपी. डॉक्टर म्हणतात सात तास झोपा. कधी झोपू?

बाणेरवासी: पोस्ट माझी आहे. मूळचा फैजपूरचा. रोज तीन तास हिंजवडीच्या गर्दीत जातात, मणक्याचं दुखणं कायमचं लागलंय. मुलीचं गॅदरिंग चार वर्षं पाहिलं नाही. दिवाळीला ट्रॅव्हल्सचे दुप्पट पैसे मोजून गावी येतो, तर वडील ओट्यावर निवांत बसलेले दिसतात. ते खोटं का?

केळीवाला, रावेर: दिवाळीचे चार दिवस पाहून वर्षाचा हिशोब मांडू नका भो.

नाना, चोपडा: ठिबक आहे ना? ऑटो स्टार्टर लावा, लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, आणि घरी झोपा. उगाच रडगाणं.

केळीवाला, रावेर: नाना, सगळ्यांनी ऑटो लावले म्हणूनच डीपी, म्हणजे सगळ्यांचा ट्रान्सफॉर्मर, जळते! लाइट आली की वीस मोटरी एका ठोक्यात उचलतात. मार्चमध्ये आमची डीपी तेरा दिवस बंद होती. बाग डोळ्यांदेखत सुकली. तेव्हा कुठे होते हे सल्ले?

नाना, चोपडा: आवाज चढवू नका. डीपीवरचा भार कमी करणारा कपॅसिटर लावलाय का तुम्ही?

केळीवाला, रावेर: मी लावलाय. शेजारच्यांचे हातपाय धरू का?

नाना, चोपडा: बरं, तेवढं तुमचं खरं. मग सौर पंप घ्या. 2024 च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत आपल्याला 10 टक्केच भरावे लागतात. पाणी दिवसा.

केळीवाला, रावेर: जमिनीप्रमाणे 3, 5 नाहीतर साडेसात एचपी. माझं पाणी साडेचारशे फुटांवर, वर एवढी केळी, तेवढ्या पंपात भागत नाही. तुमच्याकडे पाणी वर असेल, तुम्ही घ्या.

सासर यावल: मोटरी, डीपी, एचपी. घरात जागं कोण असतं ते कोणीच बोललं नाही. हे वावरात गेले की मी दोनला फोन लावते, चारला लावते. सातपुड्याचा पायथा आहे, बिबट्या फिरतो. उचलला नाही तर छातीत धस्स होतं. पाचला मजुरांच्या भाकरी. माझी झोप, माझी तब्येत कोणाच्या वहीत लिहायची? आणि बाणेरचे दादा, ओट्यावर बसलेला म्हातारा माणूस निवांतच असतो असं नाही. माझे सासरे गुडघे चालत नाहीत म्हणून बसतात.

बाणेरवासी: ताई, तुमचं लागलं मनाला. तरी पोस्ट काढणार नाही, मुलीचं बालपण गेलं ते माझंच गेलं. पण आत्ता घरी फोन लावला. अकरा वीस झालेत. आई म्हणाली, लाइट आली म्हणून आप्पा वावरात गेलेत. मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

केळीवाला, रावेर: कोणतं शिवार? बामणोद रस्त्याकडचं असेल तर तिकडे साप फार निघतात. परत फोन लावा आणि बॅटरी नेली का तेवढं विचारा.