मदत हवी आहे: सिंहगड रोडचे जुने नकाशे आजच्या इमेजवर बसत नाहीयेत

नमस्कार मंडळी, यंदा सोसायटीच्या गणपतीत पर्वती ते खडकवासला हे मुठेचं खोरं शेतीतून उपनगर कसं होत गेलं त्याचे नकाशे लावायचं ठरलंय आणि काम माझ्या गळ्यात पडलंय.

सर्व्हे ऑफ इंडियाची इंचाला मैलवाली जुनी शीटं स्कॅन करून मिळाली. शहर ४७एफ/१४ नंबरच्या शीटवर आणि वडगाव, धायरी, नांदेड खालच्या ४७एफ/१५ वर, म्हणजे आधी दोन शीटं जोडा. त्यात धायरी म्हणजे लाल ठिपक्यांचा एवढासा पुंजका, बाकी शेतं नि विहिरी! पण क्यूजीआयएसमध्ये (नकाशे जुळवायचं सॉफ्टवेअर) गूगलच्या आजच्या इमेजवर बसवताना कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश नीट भरूनही सगळं एका बाजूला सरकतंय, कालव्यावरून जुळवावं तर जुना कालवा वेगळा, नवा वेगळा.

दुसरं म्हणजे मधला काळच गायब. पानशेतच्या पुरानंतरची साधारण १९७० ते ९० ची वाढ कशावरून दाखवू? पालिकेची हद्द काही कामाची नाही, कारण नांदेड, किरकटवाडी, खडकवासला २०२१ ला आत आले पण गुंठेवारीनं प्लॉट पाडून बिल्डिंगी त्याच्या कितीतरी आधी उभ्या राहिल्यात, आणि मला तर नेमकं तेच दाखवायचंय. कुणी केलंय का असं काही?

---

प्रतिसाद: अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा जो आकार धरतात तो दोन्हीकडे वेगळा आहे, जुनी शीटं एव्हरेस्ट स्फेरॉइडवर आहेत आणि गूगल डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणून सरकतंय. सीआरएसमध्ये (नकाशाची अक्षांश-रेखांश पद्धत निवडायची सेटिंग) जुन्या शीटांसाठी कल्याणपूर डेटम निवडून बघा, तरी थोडं राहिलं तर पर्वतीचं देऊळ, सिंहगड असे न हलणारे पॉइंट घ्या, कालवा नकोच. मधल्या काळासाठी यूएसजीएस या अमेरिकन सरकारी संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर वेबसाइटवर अमेरिकेच्या हेर उपग्रहांचे खुले केलेले फोटो शोधा, कोरोना उपग्रहांचे १९७२ पर्यंतचे, हेक्सागॉन उपग्रहांचे १९७१ ते ८४ चे. आधी स्कॅन झालेले फुकट उतरवता येतात, नसेल तर पैसे भरावे लागतात. ८४ नंतर लँडसॅट उपग्रहाच्या इमेज आहेतच, ३० मीटरचा पिक्सेल असल्यानं घरं दिसणार नाहीत पण वस्तीचा पसारा कळतो. आणि नदीपलीकडची एनडीएची (लष्करी प्रबोधिनीची) जमीन फ्रेममध्ये घ्याच, त्याच खोऱ्यात बिल्डरचा हात न लागलेला तुकडा शेजारी असला की वेगळं काही सांगावं लागत नाही.

गावनकाशा (सर्व्हे नंबर दाखवणारा गावाचा नकाशा) लावणार असाल तर भिंतीवर खालच्या बाजूला लावा, लोक आपापला सर्व्हे नंबर शोधायला त्याच्यावरच गर्दी करतात.