लिव्हर एमआरआय: सिरोसिसच्या पेशंटमध्ये आर्टरियल फेज निसटतेय, मदत हवी

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका सेंटरवर एमआरआय टेक्निशियन आहे. मशीन १.५ टेस्ला, प्रेशर इंजेक्टर आहे. चोपडा-यावलकडून सिरोसिसचे बरेच पेशंट येतात.

परवा एक बाबा आले होते, हिपॅटायटिस बी, वजन ६० किलो, सोनोग्राफीत गाठ दिसलेली. पोर्टल फेजमध्ये (शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट औषध पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेतून, येतं तेव्हा) २२ मिमीची गाठ काळी पडलेली स्पष्ट दिसते, म्हणजे वॉशआउट (गाठीतून कॉन्ट्रास्ट निघून जाणं) आहे. पण त्याआधीच्या आर्टरियलमध्ये (कॉन्ट्रास्ट धमनीतून लिव्हरमध्ये येतो तेव्हा) ती उजळलेलीच नाही. डॉक्टरांनी एलआर-४ (बहुधा लिव्हरचा कॅन्सर, पण पक्कं नाही) दिलं आणि मला म्हणाले, "पोर्टल व्हेन बघ, कोरडी ठणठणीत आहे, कॉन्ट्रास्ट पोहोचलेलाच नाही. तू घाई केलीस." गाठ उजळलेली सापडली असती तर सरळ एलआर-५ (कॅन्सर नक्की) झालं असतं. आता त्या माणसाला पुन्हा गाडीभाडं खर्चून यावं लागणार, हे मनाला लागलंय.

माझं सेटिंग: साधं गॅडोलिनियम (कॉन्ट्रास्ट) १२ मिली, वेग २ मिली/सेकंद, मागून सलाईन २० मिली. थ्रीडी टी-१ फॅट-सॅट, स्लाइस ४ मिमी, एक फेज १८ सेकंदांची. आर्टरियल २५ सेकंदांना, पोर्टल ७० ला, डिलेड ३ मिनिटांना. सगळ्यांना हेच.

दुसरी अडचण श्वासाची. मशीनमधली बाई हिंदीत "सांस रोकिए" म्हणते आणि बाबा आतून विचारतात, "काय म्हनस ती?" तोवर फेज गेलेली असते.

प्रिमोव्हिस्ट (लिव्हरच्या पेशी उचलून घेतात ते कॉन्ट्रास्ट) मागवावं का? महाग आहे, पण मालक तयार होतील.

पांझराकाठ:
रेडिओलॉजिस्ट आहे, धुळ्याकडे. प्रिमोव्हिस्टचं नंतर बघा, आधी ते २५ सेकंद काढून टाका. कॉन्ट्रास्टचा ठसा उमटतो तो के-स्पेसचं (फोटो बनवण्याआधी मशीन गोळा करतं त्या कच्च्या डेटाचं) केंद्र भरताना. तुमच्या सिक्वेन्समध्ये केंद्र मधोमध असेल तर तो क्षण ३४ व्या सेकंदाला येतो, सुरुवातीलाच असेल तर २५ ला. नऊ सेकंदांचा फरक! पोर्टल व्हेन कोरडी आहे म्हणजे तुमचं केंद्र बहुधा सुरुवातीलाच आहे. त्यात कोणाचं हृदय मंद, कोणाचं जोरात, मग एकच आकडा सगळ्यांना कसा चालेल?

बोलस (एका दमात दिलेला कॉन्ट्रास्ट) ट्रॅकिंग लावा. पोटातल्या महाधमनीत कॉन्ट्रास्ट दिसला की श्वासाची सूचना द्या, आणि केंद्र त्यानंतर दहा-पंधरा सेकंदांनी पडेल असं बसवा. आम्ही असंच करतो. पडताळा सोपा आहे: पोर्टल व्हेन थोडी उजळलेली, हिपॅटिक व्हेन अजून काळ्या. तसं दिसलं की लेट आर्टरियल (आर्टरियलचा शेवटचा, आपल्याला हवा तो टप्पा) जमली.

प्रिमोव्हिस्टचा डोस ०.१ मिली/किलो, म्हणजे या बाबांना फक्त ६ मिली. एवढ्याशा बोलसमध्ये वेळ गाठणं आणखी कठीण, आणि काही पेशंटचा श्वास नेमका आर्टरियललाच बिघडतो. वॉशआउटही फक्त पोर्टल फेजमध्येच मोजायचा. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) ३ मिग्रॅ/डीएलच्या वर गेलं तर लिव्हर ते नीट उचलतही नाही. लहान गाठी शोधायला चांगलं आहे, पण तुमचं दुखणं वेगळं आहे.

श्वास सोडून थांबायला सांगा, दर वेळी लिव्हर त्याच जागी राहतं. पोटात पाणी असेल तर १८ सेकंद कोणी थांबत नाही, स्लाइस ५ मिमी करून फेज १४ वर आणा. आधीच उजळ दिसणाऱ्या गाठींसाठी सबट्रॅक्शन (कॉन्ट्रास्टनंतरच्या फोटोतून आधीचा वजा करून) काढाच, पण श्वास एकाच जागी थांबला असेल तरच त्याचा उपयोग.

तापीकाठ:
केंद्र खरंच सुरुवातीला आहे, प्रोटोकॉल उघडून पाहिलं. ट्रॅकिंगचा पर्यायही होता, इन्स्टॉलेशनपासून कोणी हात लावला नव्हता. मशीनमधल्या बाईला गप्प केलंय. आज माइकवर मीच म्हटलं, "बाबा, दम सोडा... आते थांबा." टेबलावर घेण्याआधी तीनदा सराव घेतला. पोर्टल व्हेन थोडी उजळली, हिपॅटिक व्हेन काळ्या. परवाच्या बाबांना सोमवारी बोलावलंय, मालकांनी पैसे घेणार नाही म्हटलंय.