घाटात ढग, काचेवर वाफ आणि एसीची बटणं स्क्रीनच्या आत: गाडी घेऊ की नको?

घाटवाट_चिपळूण

नमस्कार. नवी गाडी घ्यायची आहे आणि एका गोष्टीवर अडले आहे. लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमची आताची गाडी 2011 ची हॅचबॅक आहे, 1 लाख 42 हजार किलोमीटर झालेली. बाबांच्या डोळ्यांचे उपचार कराडला चालू आहेत, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट चढावा लागतो. गाडी मीच चालवते. पावसाळ्यात पोफळी मागे पडली की वरच्या वळणांवर ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा अगदी जवळ गेल्यावर दिसतात. त्यातच काच धरते. गाडीत तीन माणसं, ओल्या छत्र्या, बाबांचा ओला स्वेटर. दोन मिनिटांत काच दुधासारखी.

माझ्या डॅशबोर्डवर तीन गोल नॉब आहेत. डावा ब्लोअरचा, मधला गरम-गारचा, उजवा हवेच्या दिशेचा. उजवा शेवटपर्यंत फिरवला की हवा काचेवर. मधला दोन खटके उजवीकडे. बाहेरची हवा आत घ्यायची सरकपट्टी त्यांच्या वर. हे सगळं हात करतो, डोळे रस्त्यावरच असतात.

आणि हे एकदा करून भागत नाही, हे घाटात न चालवणाऱ्यांना पटकन कळत नाही. वाफ कधी आतून धरते, कधी बाहेरून. आतून धरली तर एसी लावून आतली हवा कोरडी करायची आणि काचेवर सोडायची. पण एसीने काच फार गार झाली की बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरच्या बाजूने जमते. मग वायपर मारायचा आणि तापमान वाढवायचं. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या चढात माझा हात त्या नॉबांवर निदान सात-आठ वेळा जातो.

आता नवी गाडी. परशुराम घाटात टेस्ट ड्राइव्ह घेतली. 10.25 इंची स्क्रीन, चित्र सुंदर. हवेची दिशा बदलायला खाली पंख्याच्या चित्रावर टच करायचं, मग एक पान उघडतं, त्यात बसलेल्या माणसाचं चित्र, त्याच्या तोंडाकडे, पायाकडे, काचेकडे जाणारे बाण. योग्य बाणावर बोट ठेवायचं. मग परत नकाशावर यायचं. पुढच्या काचेचं डिफॉगर, म्हणजे काचेवरची वाफ घालवायचं बटण, स्क्रीनखालच्या सपाट काळ्या पट्टीवर आहे आणि त्याला चिकटूनच मागच्या काचेचं. बोटाला दोन्ही सारखीच लागतात. मी एकावर बोट ठेवायला गेले, रस्ता खराब, बोट सरकलं, दुसरंच लागलं. बरोबर लागलं का बघायला खाली वाकले, तेवढ्यात शेजारी बसलेला शोरूमचा मुलगा ओरडला, "मॅडम, ट्रक!" काही झालं नाही. पण परत येईपर्यंत माझे हात थरथरत होते.

याच गाडीच्या खालच्या मॉडेलमध्ये स्क्रीन लहान आहे आणि एसीला नॉब आहेत. एअरबॅग दोन्हींत सहा. मुलगा म्हणतो, आई, सवय होईल, टॉप मॉडेलच घे. शोरूमवाले तेच म्हणतात. खरंच सवय होते का? ज्यांनी अशा गाडीने एक पावसाळा घाटात काढलाय त्यांनी कृपया सांगा.

वायरिंगवाला_कराड

ताई, मी 22 वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. तुमच्या घाटातून उतरलेल्या गाड्या माझ्याकडे येतात.

आधी तुमच्या जुन्या नॉबचं सांगतो. त्यात उजव्या नॉबामागे थेट केबल असते, नॉब फिरला की आतला फ्लॅप, म्हणजे हवेची वाट वळवणारी झडप, हलतो. नव्या गाडीत नॉब असला तरी मागे केबल नाही, सिग्नल जातो आणि मोटर फ्लॅप फिरवते. त्यामुळे नुसतं "नॉब आहे" म्हणून जुन्यासारखं टिकेल असं धरू नका. मोटरही जाते. पण मोटर गेली तर एक काम बंद पडतं. स्क्रीन गेली तर नकाशा, कॅमेरा, एसी, सगळं एकदम बंद. आणि स्क्रीन उघडून दुरुस्त करायला आमच्याकडे काही ठेवलेलं नाही, अख्खा सेट बदलायचा. तो येईपर्यंत गाडी दारात उभी किंवा तशीच चालवायची. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाईकाने पाटणपासून खिडक्या उघड्या टाकून भिजत गाडी आणली. बायको-पोरं मागे. मला ते बघवलं नाही.

ओल्या बोटाचं पण बघा. या स्क्रीनला दाब कळत नाही, बोटाच्या कातडीमुळे काचेवरच्या विजेच्या जाळ्यात जो फरक पडतो तो कळतो. पाण्याचा थेंब पडला तरी तसाच फरक पडतो, म्हणून ती गोंधळते. छत्री मिटून गाडीत बसलात की बोटं ओलीच असतात.

एक गोष्ट तुमच्या बाजूने. काही गाड्यांत पुढच्या काचेचं एकच बटण दाबलं की एसी चालू, ब्लोअर फुल, हवा काचेवर आणि बाहेरची हवा आत, सगळं एका दमात होतं. तसं बटण असेल, आणि ते वर उचललेलं, दाबलं की खटका देणारं असेल, तर अर्धं काम झालं. शोरूममध्ये गाडी उभी असताना स्क्रीन बंद करायला सांगा आणि मग एसी कमी-जास्त करून दाखवा म्हणा. दाखवता आलं नाही तर काय ते समजा.

बाणेर_हिंजवडी

थोडं वेगळं मत. माझ्याकडे मोठ्या स्क्रीनची गाडी दोन वर्षं आहे आणि मी परत जुन्याकडे जाणार नाही. आधी मोबाइल काचेला चिकटवून नकाशा बघायचो, खड्ड्यात तो निसटून पायाशी पडायचा, एकदा ब्रेकच्या पेडलखाली गेला होता. आता नकाशा मोठा, नजरेच्या जवळ. पेठेत सासुरवाडीला गेलो की बोळातून गाडी काढताना चारी बाजूंचा कॅमेरा नसता तर दर महिन्याला एक ओरखडा ठरलेला. ताई, एसी ऑटोवर टाका, 24 ठेवा आणि विसरा. मी महिनोन्‌महिने एसीच्या पानावर जात नाही. निघण्याआधी सगळं लावून घ्यायचं, एवढीच शिस्त.

घाटवाट_चिपळूण

कॅमेऱ्याचं आणि नकाशाचं मान्य, ते मलाही हवंच आहे. पण ऑटोला आतलं तापमान कळतं, काच धरलीय हे कळतंच असं नाही. त्यासाठी काचेजवळ दमटपणा मोजणारा सेन्सर लागतो आणि मी बघितलेल्या गाडीत तो नाही, विचारून घेतलं. 24 वर ठेवलं तरी खाली पोफळीत आणि वर हेळवाकला बाहेरची हवा अगदी वेगळी असते. निघताना लावलेलं वर चालत नाही.

वायरिंगवाले दादा, स्क्रीन बंद करून बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. आभार.

स्टुटगार्टहून

मी इथे जर्मनीत गाडीचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे, म्हणून जरा आतलं सांगते. 1986 सालच्या ब्यूक रिव्हिएरात टचस्क्रीन होती, पुढे काही वर्षांत काढून टाकली. मग 2012 मध्ये टेस्लाने मॉडेल एस गाडीत 17 इंची स्क्रीन बसवली आणि सगळ्यांना तसंच हवंसं झालं. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, म्हणजे दाखवायला स्क्रीन आलीच. स्क्रीन आलीच आहे तर प्रत्येक बटणाचा साचा, वायर, कपलर (वायरी जोडायचा खटका), चाचणी हा खर्च कशाला, असा हिशेब बैठकीत मांडला जातो. मी अशा बैठकांना बसलेली आहे. चालवणाऱ्याचे डोळे किती वेळ रस्त्यावरून हटतील हा प्रश्न तिथे फार उशिरा यायचा.

मुलगा "सवय होईल" म्हणतो ना, त्याला ही चाचणी सांगा. 2022 मध्ये स्वीडनच्या 'वी बीलेगारे' मासिकाने 11 नव्या गाड्या आणि एक 2005 ची व्होल्वो व्ही70 अशा बारा गाड्या घेतल्या. चालकांना आधी गाडीची ओळख करून घ्यायला वेळ दिला होता. मग ताशी 110 किलोमीटर वेगाने चालवत चार साधी कामं करायची, त्यात डिफॉगर लावणंही होतं. बटणांच्या जुन्या व्होल्वोला 10 सेकंद लागले, तेवढ्यात ती 306 मीटर गेली. सगळ्यांत मागे राहिलेल्या नव्या गाडीला 44.9 सेकंद लागले, म्हणजे 1372 मीटर.

इथल्या कार्ल्सरूहेच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाचा 2020 चा निकालही आहे. जोराच्या पावसात वायपरचा वेग बदलायला चालकाने स्क्रीनवर बोट घातलं, गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. 200 युरो दंड आणि एक महिना गाडी चालवायला बंदी. त्याचं म्हणणं होतं की वायपर ही गाडीची मूळ सोय आहे, ती मोबाइलसारखी धरू नका. न्यायालयाने मानलं नाही. मला या निकालाचा राग येतो. वायपर स्क्रीनमध्ये ढकलला कोणी आणि दंड कोणी भरला!

आता हवा बदलते आहे. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेच्या 2026 च्या नियमांनुसार इंडिकेटर, चारी इंडिकेटर एकदम लावायचं बटण, हॉर्न, वायपर आणि मदतीचं आपत्कालीन बटण स्क्रीनबाहेर नसतील तर गुण कापले जातात. फोक्सवॅगननेही बटणं परत आणायचं जाहीर केलं आहे. यादीत डिफॉगर नाही, याचं मात्र मला वाईट वाटतं.

दर्यावर्दी_रत्नागिरी

मी जहाजावर इंजिन विभागात 31 वर्षं काढली, आता निवृत्त. ताईंचा प्रश्न वाचून 'जॉन एस. मॅकेन' आठवली. अमेरिकेची युद्धनौका. 21 ऑगस्ट 2017 च्या पहाटे सिंगापूरजवळ एका टँकरवर आदळली, 10 खलाशी गेले. त्या मार्गाने मी अनेकदा गेलोय, जहाजांची दाटी म्हणजे दादरचा पूलच. तिच्यावर सुकाणू आणि वेगाचं नियंत्रण टचस्क्रीनवर आणलं होतं. जहाज पुढे ढकलणाऱ्या दोन पंख्यांचा वेग एकत्र बदलायचा तो एकाचाच कमी झाला, सुकाणू कोणत्या जागेवरून चालू आहे यावरही घोळ झाला, आणि हे माणसांना वेळेत उमगलं नाही. प्रशिक्षणही कमी होतं, सगळा दोष काचेचा नाही. पण 2019 मध्ये त्यांच्या नौदलाने हाताने पुढे-मागे करायचे दांडे परत बसवायचं ठरवलं. दांडा हातात असला की जोडीचा एक पुढे, एक मागे आहे हे अंधारातही हाताला कळतं.

पोरी, वडिलांना घेऊन घाट चढतेस. हाताला कळेल तेच घे.

घाटवाट_चिपळूण

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमची शेवटची ओळ बाबांना वाचून दाखवली.

काल परत शोरूमला गेले. दोन्ही मॉडेल शेजारी उभी करायला लावली. मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, इंजिन चालू, गाडी जागेवरच. डोळे मीट आणि हवा काचेवर घे, म्हटलं. टॉप मॉडेलमध्ये त्याने मागचं डिफॉगर लावलं, मग आवाज वाढवला, मग डोळे उघडले. खालच्या मॉडेलमध्ये पहिल्याच झटक्यात जमलं. त्यानंतर तो सवयीचं काही बोलला नाही. मग स्क्रीन बंद करायला सांगितली. टॉप मॉडेलमध्ये ब्लोअर कमी-जास्त झाला, हवेची दिशा बदलता आली नाही. शेवटी ओल्या रुमालाने बोट पुसून लावून बघितलं, पाच वेळा प्रयत्न केला त्यात तीनदा लागलं.

खालचं मॉडेल घेते आहे. स्क्रीन 8 इंची आहे, नकाशाला पुरते. मागचा कॅमेरा त्यात येत नाही, तो वेगळा बसवावा लागेल. वायरिंगवाले दादा, कॅमेरा बाहेरून बसवला आणि हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, कापावं लागलं तर वॉरंटी जाते का? कपलरला कपलर जोडून होत असेल तर पुढच्या महिन्यात कराडला येते तेव्हा तुमच्याकडेच गाडी आणते.