गावचं घर राखणाऱ्याचं? मग आमची नावं सातबारावर शोभेला आहेत का?

डोंबिवलीकर चाकरमानी: परवा एकाने इथे लिहिलं, "गावचं घर जो राखतो त्याच्या नावावर करा, बाकीच्यांनी गणपतीला पाहुणे म्हणून यावं." वाचून डोकं फिरलं. वडील गेल्यावर वारस म्हणून आम्हा सगळ्यांची नावं लागली. भाऊ घर राखतो, मान्य. आंब्याचे पैसेही तोच घेतो, आम्ही कधी हिशोब मागितला? राखतो म्हणून मालक कसा होईल?

काजूवाला: मागाच हिशोब! फवारणी, बेणणी, राखण्याची मजुरी, सगळं धरा. वानर छपरावर नाचतात तेव्हा त्यांना सातबारा दाखवू? हिस्सो सगळ्यांचो, छपराचो गळको नळो तेवढो माझो!

काळा कोट: सामायिक मिळकतीत एका हिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरतात. 12 वर्षं एकटा राहिला म्हणून मालक होत नाही. इतरांचा हक्क उघडपणे नाकारल्याचं सिद्ध करावं लागतं. 'कसेल त्याची जमीन' म्हणत कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 ला जमिनीचे मालक ठरले ते दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं, भाऊ नव्हे.

काजूवाला: म्हणजे सख्ख्या भावापेक्षा कूळ बरा. धन्य तुमचा कायदा.

माहेरची पाहुणी: भाऊ-भाऊ छान भांडताय. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मी केलं, नोकरी सोडून. तेव्हा "मुलगीच करते हो" असं कौतुक. वाटपाच्या वेळी मात्र "तुझं लग्न 1991 चं, तुला कायदा लागू नाही." वर हक्कसोडपत्र तयारच, सही केली नाहीस तर माहेर तुटेल म्हणे.

काळा कोट: ताई, आधी लग्न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क नाही, ही अट हिंदू वारसा कायद्याला राज्याने 1994 मध्ये केलेल्या दुरुस्तीत होती. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती नाही. शिवाय 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 2005 ला वडील हयात असण्याचीही गरज नाही. आणि वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी 1956 पासून वारस आहेच.

काजूवाला: घ्या, आता बहिणीही आल्या. नळे परतायला कोण येणार त्यातलं?

माहेरची पाहुणी: आईचा डायपर बदलायला तुम्ही आला होतात का?

डोंबिवलीकर चाकरमानी: विषय भरकटतोय. माझा मुद्दा राखणाऱ्याचा होता. बरं बाबा, छपराच्या खर्चात आमचा वाटा देऊ, पण पावत्या पाठवा.

काजूवाला: उपकार झाले. पावत्या वानरांकडून सही करून आणतो.

माहेरची पाहुणी: भरकटत नाहीये. चाकरमानी दादा, "आम्हा सगळ्यांची" नावं म्हणालात. त्यात तुमच्या बहिणी आहेत?

डोंबिवलीकर चाकरमानी: होत्या. त्यांनी राजीखुशीने सोडलं.

माहेरची पाहुणी: राजीखुशीने. असं होय.

काळा कोट: हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे ना? की तलाठ्याकडे नुसता अर्ज दिलाय?