मदत हवी आहे: राजानं सही केली ती तारीख घालू की आधीची?

घाईत_आहे: उद्या सकाळी निबंध द्यायचाय. मी ३० डिसेंबर घातलंय, राजानं सही केली तो दिवस. सर म्हणतात सत्ता त्याआधीच गेली होती, तारीख बदल. कुठली घालू? लवकर सांगा प्लीज.

रानपाखरू: कुठला राजा? साल?

जुनं_खोड: इथिओपिया असणार. हैले सेलासीला १९७४ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगन बीटलमध्ये कोंबून नेलं. बादशहा, आणि बीटलमध्ये! पुढं लष्करशहा मेंगिस्तूनं जे केलं ते विचारू नका.

घाईत_आहे: रोमानिया हो! राजा मायकेल, १९४७, गादी सोडल्याची सही. लिहिलं नव्हतं का?

रानपाखरू: नव्हतं.

तळ्यात_मळ्यात: ६ मार्च १९४५ घाल. मॉस्कोहून सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री विशिन्स्की आला, राजाला पंतप्रधान रादेस्कूचं सरकार काढायला लावलं, जाताना दार धाडकन आपटून गेला. ग्रोझा पंतप्रधान झाला आणि गृहखातं कम्युनिस्टांकडे. पोलीस हातात आल्यावर उरलं काय?

जुनं_खोड: असहमत. त्याच ऑगस्टपासून राजानं ग्रोझाच्या कायद्यांवर सह्या करणं बंद केलं होतं. लेचापेचा नव्हता तो.

तळ्यात_मळ्यात: आणि सरकार सह्यांवाचून चालूच राहिलं. तुम्ही माझाच मुद्दा सांगताय काका.

शेवंती: आमचे मामा १९८५ च्या सुमारास बुखारेस्टला होते. राज कपूरचं नाव काढलं की अनोळखी लोक हात मिळवायचे. हिवाळ्यात मात्र घरातही कोट घालून जेवायचं. हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात गरम पाणीसुद्धा ठरल्या वेळीच.

तक्तेवाला: तीन रकाने पाडा: देश, राजा, साल. मी सगळ्या क्रांत्या अशाच पाठ केल्या.

रानपाखरू: पाठांतर कुणी विचारलंय? घाईत, निबंधाचा विषय शब्दशः टाक.

घाईत_आहे: 'रोमानियातील कम्युनिस्ट सत्तेचा उदय'.

रानपाखरू: हे आधी सांगायचं ना! ३० डिसेंबर हा राजेशाहीचा शेवट. उदय १९४५ पासून, मग १९४६ ची लबाडीची निवडणूक, १९४७ मध्ये विरोधी नेता मानिऊ तुरुंगात. सही सगळ्यात शेवटी.

घाईत_आहे: ओके, ४५ घालतो. पण सहीच्या वेळचा पिस्तुलाचा प्रसंग ठेवू ना? दोन परिच्छेद लिहिलेत त्यावर.

तळ्यात_मळ्यात: एक ठेव. ग्रोझानं खिशातलं पिस्तूल चाचपायला लावलं, हजार विद्यार्थी मारण्याची धमकी दिली, हे मायकेलनं नंतर सांगितलेलं. तसंच लिही, 'मायकेलच्या म्हणण्यानुसार'.

जुनं_खोड: ती बीटल हिरवी होती का हो?