टेबल सॉला सरकतं टेबल जोडायचं की स्लेडवर भागवायचं?

जांबोटी रोड, खानापूर
नमस्कार मंडळी. माझी दहा इंची टेबल सॉ हाय, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणारी करवत, वरचं टेबल बिडाचं. उभा कट फेन्सला, म्हणजे ब्लेडला समांतर बसणाऱ्या आधारपट्टीला, लावून झकास निघतोय, अडचण आडव्या कटाची. किचनच्या कपाटाच्या साइडा 22-23 इंच रुंद. मशीनसोबत आलेल्या मायटर गेजवर (आडव्या कटासाठी टेबलाच्या खाचेत सरकणारा छोटा आधार) त्या डुलतात, आणि कापल्यावर गुण्या लावला की कोपऱ्यात उजेड दिसतोय. गिऱ्हाईक बेळगावचं, शटरची फट सारखी नसली की लगेच बोट ठेवतंय, आणि ते बरोबरच हाय. शिवाय दांडेली डेपोच्या सागवानाच्या चौकटी असतातच. पॅनेल सॉ, म्हणजे मोठे बोर्ड कापायचं मोठं मशीन, शेडात मावणार नाही, म्हणून डाव्या बाजूला बोल्टनं बसणारं सरकतं टेबल बघालोय. घेताना काय काय बघायचं, सांगा की वो.

उद्यमबागचा फिटर
अण्णा, टेबल बिडाचं हाय हे चांगलं झालं. पत्र्याच्या टेबलाला हे वजन लटकवलं की कड वाकते आणि मग कितीही सेटिंग करा, टिकत नाही. तरी डावी कड मशीनिंग केलेली हाय का आणि भोकं कुठं हायत, ते आधी बघून घ्या. भोकं जुळत नसली तर इकडं कुठल्याही जॉबवर्कवाल्याकडं अडाप्टर पट्टी करून मिळते.

आता मुख्य गोष्ट. दुकानदार टेबलाची लांबी सांगतो. तुम्ही विचारा, सरकतं किती? 19 मिमी प्लाय कापताना ब्लेड इंचभर वर काढलं, तर टेबलाच्या पातळीला दहा इंची पातं साधारण सहा इंच जागा खातं, तीन पुढं, तीन मागं. म्हणजे 24 इंची साइड ब्लेडच्या अलीकडून सुरू करून पार पलीकडं न्यायला निदान 30 इंच सरक पाहिजे. यापेक्षा कमी असलं तर तुमच्या कामाचं नाही, किंमत कितीही खाली येऊ दे.

बसवल्यावर सरकतं टेबल बिडाच्या टेबलापेक्षा कागदाच्या जाडीएवढं वर ठेवा, म्हणजे फळी घासत नाही. मग ब्लेडच्या एकाच दाताला खूण करा, तो दात पुढं आणून सरकत्या टेबलावर बसवलेला डायल (बारीक फरक दाखवणारं मोजमापाचं घड्याळ) लावा, मागं फिरवून पुन्हा लावा. सरक ब्लेडला समांतर नसली तर मागचे दात घासतात आणि सागवानाची कड काळी पडते.

शेवटी सरकत्या टेबलावरची आडवी फेन्स. एकाच कटाला गुण्या लावून समाधान मानू नका. प्लायचा चौकोनी तुकडा घ्या, कापलेली बाजू दर वेळी फेन्सला लावत चारी बाजू कापा, आणि पाचव्या कटाला इंचभर रुंदीची पट्टी काढा. पट्टीची दोन्ही टोकं व्हर्नियरनं मोजा. फरक 0.4 मिमी आला तर त्याला चारनं भागा: पट्टीच्या लांबीत चूक 0.1 मिमी. गुण्याला न दिसणारी चूक इथं चौपट होऊन समोर येते, म्हणून मला ही रीत फार आवडते.

निपाणीकर
फिटरभाऊंचं सगळं खरं. पण घेईपर्यंत काम थांबवू नका. 12 मिमी प्लायचा स्लेड करा, म्हणजे खाली पट्ट्या लावून टेबलाच्या खाचेत सरकणारा तळ, त्यावर फळी धरून आडवी कापायची. टेबलावरची खाच बहुतेक 19 मिमी रुंद असते, तरी मोजून घ्या. पट्ट्या लाकडाच्या नको, तुमच्याकडं कणकुंबीचा पाऊस, फुगून अडकतात. ॲल्युमिनियमची चपटी पट्टी लावा. ड्रॉवरच्या बाजूंना, बिडिंगला स्लेडच लई भारी. चौकटीला मात्र जपून. दहा इंची सॉ साधारण 80 मिमी खोल कापते, त्यातले 12 तळानं खाल्ले. अडीच इंची चौकट निघेल, तीन इंची नाही. सरकत्या टेबलाला ही खोट नाही. आणि 24 इंची साइडेसाठी स्लेड केला तर तो उचलताना कंबर धरते.

जांबोटी रोड, खानापूर
दोघांचेही आभार. अजून एक: एकाच मापाचे ढीगभर तुकडे असले तर उजव्या फेन्सला टेकवून आडवा कट मारलेला चालतोय काय?

उद्यमबागचा फिटर
अजिबात नको. सुटलेला तुकडा फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये अडकतो आणि सरळ पोटावर येतो. सरकत्या टेबलाच्या फेन्सवर उलटणारा स्टॉप असतो, तो वापरा. उजवीच फेन्स वापरायची तर तिच्यावर तुमच्या बाजूला, ब्लेडच्या बऱ्याच अलीकडं, एक ठोकळा क्लॅम्प करा. माप ठोकळ्याला टेकवून घ्यायचं, ब्लेडपाशी पोचेपर्यंत तुकडा मोकळा झाला पाहिजे. रायव्हिंग नाइफ, म्हणजे ब्लेडच्या मागं कापलेली फट उघडी ठेवणारी पातळ पट्टी, काढून ठेवली असली तर आजच बसवा.

आणि पावसाळ्यात रुळाला तेल नको, भुसा चिकटून बेअरिंग जाम होतात. पुसून कोरडं मेण लावा, बिडाच्या टेबलालाही तेच, गंज धरत नाही.

जांबोटी रोड, खानापूर
आत्ताच बघितलं, रायव्हिंग नाइफ बसवलेलीच हाय. डावी कडही मशीनिंगची, तीन भोकं. 32 इंच सरकणारं एक बघून ठेवलंय, त्याच्या ब्रॅकेटचं माप मागवतो. जुळलं नाही तर पट्टीसाठी उद्यमबागला येतो.