‘आहे तसे वागा’ अर्धंच पटलं

नव्याने टीमचा लीड (प्रमुख) झालेल्यांना एक सल्ला दिला जातो: टीमपुढे जसे आहात तसेच वागा, आत्मविश्वास आपोआप येईल; आणि एखादी गोष्ट येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ असं बेधडक म्हणा. पहिला भाग मान्य. न येणाऱ्या गोष्टीचा आव आणला की लोकांना कळतंच, मग खरं सांगितलेलंही कोणी धरत नाही. पण ‘आपोआप’? नव्याने लीड झालेल्याचं ‘आहे तसं’ वागणं आधीच्या कामात घडलेलं असतं. मान खाली घालून काम करणारा माणूस पुढारपण आल्यावरही गप्पच राहिला, तर तो प्रामाणिक असेल, पण बाकीच्यांना त्याच्या मनाचा थांग लागत नाही.

नेतृत्व आणि करिअर या विषयांच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी १९९९ साली सल्लागार कंपन्या आणि इन्व्हेस्टमेंट बँकेतल्या, वरच्या भूमिकेकडे जाणाऱ्या तरुणांचा अभ्यास मांडला होता. त्यातले काही जण वेगवेगळ्या वरिष्ठांच्या लकबी थोड्या थोड्या उचलून वापरून बघत आणि अंगाला बसेल तेवढंच ठेवत. काही मात्र ‘मी असाच’ म्हणत जुनं धरून बसत. २०१५ च्या लेखात त्यांनी स्पष्टच लिहिलं की असा अस्सलपणा बऱ्याचदा सोयीचं आहे ते न सोडण्याची सबब ठरतो. मला हे फार नेमकं वाटतं. थोडी नक्कल म्हणजे लगेच ढोंग नव्हे (फक्त एकाच साहेबाची झेरॉक्स होऊ नये).

बाकी, ‘मला माहीत नाही’ बेधडक म्हणावं, हा सल्ल्यातला दुसरा मुद्दा बरोबर. त्याला ‘उद्या दुपारपर्यंत विचारून सांगतो’ एवढी जोड द्या, आणि खरंच सांगा.